डाव्या हाताचं वय

केस धुताना हाताला लागलं.
डाव्या बाजूला, घेवड्याच्या बीएवढं.
"दुखतं," दाऑन म्हणाली,
आणि त्याच दमात,
"आई, हा दात बघ, आज फारच हलतोय."
साबण जाईल म्हणून तिने डोळे मिटले होते.
माझे मिटता येईनात.

त्या रात्री मी सगळ्यांवर संशय घेतला.
अंड्यांवर, सोयाच्या दुधावर,
ती चोरून गालांना लावते त्या माझ्या क्रीमवर.
प्लास्टिकचे डबे काढून दाराबाहेर ठेवले.
सकाळी पुन्हा आत आणले.
शाळेत जेवण देणार कशात?

मोकपोहून ग्वांगजूला बस.
इस्पितळात तिच्या डाव्या हाताचा फोटो काढला.
काळ्या पडद्यावर पाच बोटं,
सांध्यासांध्यात बारीक फटी.
"या फटी आहेत तोवर उंची वाढते," पांग डॉक्टर म्हणाल्या.
"मुलगी सात वर्षं चार महिन्यांची आहे.
हात दहा वर्षांचा."
मी त्या हाताकडे पाहिलं.
तो जेलीचं पाकीट फोडायच्या खटपटीत होता.

वयात येतेय, म्हणतात.
कुठल्या?
स्वतःच्या वयात तर ती आत्ता कुठे आलीय.
शहाणी झाली, असंही म्हणतात.
परतीच्या बसमध्ये तिने मला दाखवलं,
चंद्र आपल्याच मागे मागे येतोय,
इतरांच्या नाही.

पण त्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं,
"तुम्हाला पाळी कितव्या वर्षी आली?"
मी बारा म्हणणार होते. नेहमी तेच सांगते,
नवऱ्यालाही तेच सांगितलंय.
"आठ," मी म्हटलं. "नववं लागायचं होतं."

तिसरीत मी वर्गात सगळ्यांत उंच.
मागच्या भिंतीशी उभी, छातीवर दप्तर धरून.
आईने जुन्या चादरीची पट्टी फाडून
मला घट्ट गुंडाळलं होतं,
आणि एक अक्षर बोलली नव्हती.
पाचवीत मुली माझ्याएवढ्या झाल्या.
सातवीत ओलांडून गेल्या.
मी अजून तिथेच आहे,
एकशे सेहेचाळीस सेंटिमीटरवर.

डॉक्टरांनी लिहून घेतलं.
नुसतं लिहून घेतलं.
मला वाटलं होतं, छत कोसळेल.

मग मेंदूचाही फोटो झाला. तिथे काही नव्हतं.
पुष्कळदा कारण सापडतच नाही, त्या म्हणाल्या,
घरात असतं कधी कधी, आईकडून मुलीकडे येतं,
पण त्याला दोष म्हणत नाहीत.
दर चार आठवड्यांनी एक सुई.
मेंदूतून निघणारा निरोप काही वर्षं अडवून धरायचा.
"आणि नंतर?"
"नंतर सुई थांबवायची. निरोप आपला आपण पोचतो."

"माझ्या अंगाचं काही चुकलं का?" दाऑनने विचारलं.
"नाही. त्याने जरा घाई केली."
"मग त्याला रागवू नकोस."
मी कुठे रागावले होते?
पण तिला दिसलं असणार,
टॉवेलने मी तिला किती घाईघाईने झाकते ते.

दुसऱ्या सुईच्या दिवशी दात पडला,
बसमध्येच, नाजूजवळ, किमबापच्या घासात.
पडलेला दात छपरावर फेकायचा,
मॅगपायला सांगायचं, हा घे, नवा आण.
आम्ही राहतो चौदाव्या मजल्यावर.
गच्चीला कुलूप, चावी वॉचमनकडे,
वॉचमन जेवायला गेलेला.
मग खाली सायकली ठेवायच्या शेडचा पत्रा बरा वाटला.
माझा नेम काही पोचेना. दोनदा दात परत आला,
एकदा तर सायकलींमध्ये हरवला,
मोबाइलच्या उजेडात शोधावा लागला.
शेवटी तिला खांद्यावर घेतलं.
मांडीवर सुईची पट्टी होती, तिकडून जपून धरलं.
"नवा आण!" ती ओरडली,
कुणीतरी खिडकी उघडून पाहिलं.

दात खडखडत गेला आणि पन्हळीत अडकला.
तिथेच असेल अजून.
पक्षी आला की नाही, माहीत नाही.
ती खांद्यावरून उतरायला तयार नव्हती,
आणि जड होती,
सात वर्षांच्या मुलीएवढी जड.